कोंडीबाचा राजकीय प्रवास

१

रहिमतपुरात रोज सकाळी कृष्णात जगदाळे दाढीला बसायचा तेव्हा त्याच्या एका हातात ब्रश असायचा आणि दुसऱ्या हातात दोन जिल्हे. सातारा आणि सांगली. दोन्हींचा मिळून त्यानं मोबाईलवर एक ग्रुप काढला होता, 'जिल्हा चावडी'. फौजेतनं सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर माणसाला हुकूम द्यायला कोणीतरी लागतं. बायको चंद्राबाई ऐकत नव्हती, म्हशी ऐकत नव्हत्या. ग्रुपवरची माणसं निदान वाचायची तरी.

चावडीचे नियम कडक होते. फुलांचे फोटो टाकायचे नाहीत. वाढदिवस करायचे नाहीत. आणि नव्या सदस्यानं आल्याआल्या परिचय द्यायचा: नाव, गाव आणि राजकीय प्रवास. ह्या शेवटच्या कलमावर कृष्णात अडून बसायचा. "माणूस कुठल्या गटातनं आलाय ते कळलं म्हंजी त्येच्याम्होरं काय बोलायचं न्हाई ते कळतं," असं त्याचं म्हणणं.

प्रत्येक तालुक्याला आपापले एक आबा आणि आपापले एक काका असतातच. त्यामुळं गाव कुठलंही असो, प्रवास सगळ्यांना समजायचा. तासगावकडच्या एका गड्यानं लिहिलं होतं, "आधी आबांच्या गटात. नंतर काकांच्या. मग काकाच आबांच्या गटात गेले, तवा मी जागेवरच हुतो, गट माझ्या अंगावरनं गेला." सांगलीच्या प्रियदर्शनीताईंनी लिहिलं, "माहेर आबांचं, सासर काकांचं. प्रवास एसटीनं." एका पोरानं तर "मी कोणाचाच नाही, फक्त जेवणाला जातो" असं लिहून सगळ्यांची मनं जिंकली होती.

नगरपालिकांच्या निवडणुका लागल्या त्या सुमाराची गोष्ट. कृष्णात मागच्या पडवीत गालाला फेस लावून बसला होता. मोबाईल खिडकीच्या कट्ट्यावर. टिंग वाजलं. 'कोंडीबा' नावाचं कोणीतरी लिंकवरून आत आलं होतं. ओल्या बोटानंच कृष्णातनं टाकलं, "स्वागत. परिचय द्या."

लगेच आवाजी निरोप आला. म्हातारा, बसलेला आवाज, कसलीच घाई नसलेला.

"रामराम मंडळी. मी कोंडीबा. नवीनच हाय. राजकीय प्रवास सांगतो. शाळेची खोली. दाराला हिरवा रंग. भिंतीवर बेचा पाढा, त्यातलं एक घर पुसलेलं. महिनाभर आबांच्या गाडीतनं हिंडलो, आबांचंच जेवलो. बोटाला शाई लावून घेतली आन आडोशामागं गेलो. वरच्या खिशात आबांचा फोटू हुता, त्यो उलटा केला, त्येंच्या डोळ्यांम्होरं नको म्हणून. शिंक आली, ती दाबली. मग बटण दाबलं काकांचं. एवढाच प्रवास."

कृष्णातला इतकं हसू आलं की वस्तरा हनुवटीला लागला. ग्रुपवर हसणाऱ्या तोंडांचा पाऊस पडला. "खरा माणूस आला बगा!" "असा सदस्य पाहिजे!" मिरजेहून रसूलनं लिहिलं, "कोंडीबा, तुमचा सत्कार ठेवूया."

एकटा वीरधवल तेवढा गप्प होता. वीरधवल म्हणजे खंडाळ्याचा, प्रत्येक निरोपाखाली 'निष्ठावंत' अशी सही करणारा. एरवी दुसऱ्यानं शिंकलं तरी हा त्यावर मत द्यायचा.

२

दुपारी वीरधवलचा फोन आला.

"सुभेदार, त्या कोंडीबाला काढा."

"का रं? लय भारी माणूस हाय की."

"काढा म्हणतोय न्हवं."

"नियम मोडला का त्यानं? परिचय द्या म्हणलं, दिला."

 वीरधवल हळू बोलायला लागला, तो इतका हळू कधी बोलत नसे. "मागच्या निवडणुकीतली ती खोली आमच्या शाळेची हाय. हिरवं दार. त्यो पाढा. समदं."

"बरं. मग असंल तुमच्याकडचा कोण."

"सुभेदार... ती शिंक माझी हाय."

कृष्णातनं हनुवटीवरचा कापूस चाचपला. आबांचा सावलीसारखा सोबती, ज्याच्या लग्नात आबांनी पंगत वाढली, तो वीरधवल. कृष्णातला आधी मजा वाटली. मग त्याचं फौजी डोकं चालू झालं. कोणीतरी बघितलं असेल. मतदान केंद्रातला शिपाई असेल, एजंट असेल. माणसं बघतात, सांगतात, ह्यात काय गूढ नाही.

"कोणतरी ऐकली आसंल शिंक," तो म्हणाला.

"मी दाबली हुती," वीरधवल म्हणाला. "दाबल्याली शिंक कुणाला ऐकू येती, तेवढं सांगा मला."

३

दुसऱ्या दिवशी कृष्णातनं पुन्हा ब्रश हातात घेतला आणि टिंग वाजलं.

"रामराम मंडळी. मी कोंडीबा. नवीनच हाय."

जणू काल काही बोललाच नव्हता. खोली मात्र दुसरी. ह्या वेळी अंगणवाडी होती, खिडकीला गज, कोपऱ्यात खेळण्याचा मोडका घोडा. प्रवास एका बाईचा असावा, पण सांगत होता 'मी' म्हणूनच. नवऱ्यानं सांगितलेलं चिन्ह हातावर पेनानं काढून आणलं होतं, ते पदराला थुंकी लावून पुसलं आणि भलतंच बटण दाबलं.

त्या दिवशी कुठल्या बाई गप्प आहेत ह्यावर ग्रुपमध्ये कुजबुज झाली. प्रियदर्शनीताईंनी चारचौघांत जाहीर केलं की त्यांचा मोबाईल चार्जिंगला होता.

असं रोजचं होऊन बसलं. रोज नवी खोली, रोज नवा प्रवास, आणि सुरुवात तीच, 'नवीनच हाय'. ज्याचा प्रवास असेल तो त्या दिवशी हसत नाही, हे लोकांच्या लक्षात आलं. तेव्हापासून सगळे जास्तच हसायला लागले. कराडच्या एका वकिलांनी तर निरोप ऐकायच्या आधीच हसणारी तोंडं पाठवली, आणि पकडले गेले.

गावागावांतले पुढारी शहाणे. त्यांना ह्यात भीती दिसली नाही, सोय दिसली. कृष्णातला दोन्ही गटांचे फोन आले. आबांच्या माणसानं विचारलं, "ह्यो कोंडीबा आपल्याकडं येईल का? तालुका उपाध्यक्ष करू." काकांच्या माणसानं तर थेट ग्रुपवरच आमंत्रण टाकलं, जाहीर प्रवेशाचं, हारतुऱ्यासकट.

कोंडीबानं एका ओळीत उत्तर दिलं. त्याच आवाजात, तितकंच सावकाश.

"मी समद्यांबरबर असतोच की."

ह्यावर बरेच जण हसले. कृष्णातही हसला. मात्र त्यानं मोबाईल खिडकीतनं उचलून आत नेऊन ठेवला, आणि तसं का केलं ते त्याला सांगता आलं नसतं.

मग रसूलची पाळी आली.

रसूल मिरजेत तंबोरे करायचा. गुडघ्याच्या ऑपरेशनला कृष्णात मिरजेच्या दवाखान्यात पडला होता तेव्हा शेजारच्या खाटेवर दम्यासाठी रसूल होता. दोघं राजकारणावर इतके भांडले की नर्सनं दोघांच्या मध्ये पडदा ओढला. पडद्याआडूनही भांडले. घरी गेल्यावर दोघांनाही करमेना, तेव्हापासूनची ही दोस्ती. रसूल म्हणजे चावडीचा अभ्यासू माणूस. प्रत्येक निवडणुकीला तो उमेदवारांचे जाहीरनामे वाचून, समोरासमोर मांडून, लोकांना समजावून द्यायचा.

कोंडीबा सांगत होता, "...शेवटपर्यंत काय ठरंना. एकाचा रस्ता चांगला, एकाची जबान चांगली. मागं लाईन थांबल्याली. डोळं मिटलं. बोट वरनं खाली, खालनं वर फिरवलं. मनात बिस्मिल्ला म्हणलं, आन जितं पडलं तितं पडलं."

रसूलनं ग्रुपवर पडदाभर हसणारी तोंडं पाठवली. आणि लगेच कृष्णातला फोन केला.

"व्हय, माझंच हाय," तो म्हणाला आणि खोखो हसला. कृष्णातही हसला. "आरं गड्या, मग ते जाहीरनामं?"

"ते वाचूनच तर ठरंना!"

दोघं पोट धरून हसले. मग रसूल हसायचा थांबला.

"कृष्णात. बिस्मिल्ला मी मनात म्हणलो हुतो. ओठसुदा हललं न्हवतं माझं."

४

कृष्णात दुसऱ्याच दिवशी गाडी पकडून मिरजेला गेला. दुकानात भोपळे छताला टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि रसूल चष्मा कपाळावर चढवून बसलेला. त्याची बायको जरिना चहा घेऊन आली आणि दाराशीच टेकली. तिलाही ऐकायचं होतं.

"लाव परत," रसूल म्हणाला. "मोठ्यानं लाव."

कृष्णातनं लावलं. बंद दुकानात तो आवाज भोपळ्यांतनं फिरून आल्यासारखा वाटत होता. रामराम मंडळी. मी कोंडीबा. तिघं माना खाली घालून ऐकत होते. निरोप संपला तसं रसूल म्हणाला, "ह्या मानसाला दम लागत न्हाई. मधी कुठं श्वासच घेत न्हाई बघ."

"घेतोय की," कृष्णात म्हणाला. "मागनं येतोय ऐकू. बारीक शिट्टी वाजल्यागत."

पुन्हा लावलं. खरंच, बोलण्याच्या मागं कोणीतरी श्वास घेत होतं. आत जाताना बारीक शिट्टी, बाहेर येताना घरघर. पण तो बोलण्याशी जुळत नव्हता. बोलणं चालूच असताना श्वास आत जात होता.

जरिनानं कप खाली ठेवला. "ही तर ह्यांची शिट्टी हाय," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासनं ऐकती मी रोज. मला नका सांगू कुणाची हाय."

 रसूलनं खिशातला पंप काढून तोंडात मारला, आणि त्याच्या छातीतनं तीच शिट्टी निघाली. जरिनानं 'बघा' म्हणून कृष्णातकडं हात केला.

"बोलणारा येक," रसूल म्हणाला, "आन दम घेणारा मी. म्हंजी त्यो माझ्या किती जवळ उभा आसंल?"

कृष्णातला असल्या प्रश्नांचा राग यायचा. त्यानं तिथंच बसून कोंडीबाला ग्रुपमधनं काढून टाकला. काढल्याची ओळ पडद्यावर उमटली, तिघांनी वाचली. मग त्याचा नंबर लावला. म्हटलं, बोलूनच घेऊ. वाजला. उचलला.

"हॅलो. कोण बोलतंय?"

पलीकडं एक खोली होती. कृष्णातला दुसरा शब्द सापडला नाही. पंख्याची कटकट. फरशीवर बाकडं सरकवल्याचा आवाज. कोणाच्या तरी चपला, जवळ येणाऱ्या. एक बाई कंटाळलेल्या आवाजात म्हणाली, "चला, पुढचे या." आणि मग ती लांब शिट्टी, मत पडल्यावर यंत्र वाजवतं ती. वाजत राहिली. थांबली. पुन्हा चपला.

निवडणुकीला अजून आठवडा होता. त्या दिवशी कुठंच मतदान नव्हतं.

"लागला का?" रसूलनं विचारलं.

"राँग नंबर," कृष्णात म्हणाला.

परतीच्या गाडीत त्यानं ग्रुप उघडून बघितला. सदस्यांत कोंडीबाचं नाव नव्हतं. आणि सकाळी दाढीच्या वेळी टिंग वाजलं. नवीनच हाय, म्हणाला.

५

कृष्णातच्या काळजीचं खरं कारण मात्र घरातच होतं, आणि तिचं नाव संयोगिता. मुलगा शिवतेज फौजेत, लांब सीमेवर. त्याची बायको संयोगिता शिकलेली, तोंडानं गोड, चालायला भरभर. काकांच्या गटानं तिला प्रभागातनं उभं केलं होतं. समोर आबांच्या गटाकडनं होत्या बनुबाई. पलीकडच्या आळीतल्या. कृष्णातला सख्खी बहीण नव्हती, त्यामुळं लहानपणापासून राखी बनुबाईचीच. शिवतेजच्या वेळी चंद्राबाईला अडचण झाली तेव्हा भर दुपारी छकडा जोडून दवाखान्यात नेणाऱ्याही बनुबाईच. आणि आबा तर आबा. कृष्णात फौजेत असताना त्याच्या बापाच्या तिरडीला आबांनी खांदा दिला होता.

"मत कुठं हाय तुमचं?" चंद्राबाईनं जेवताना विचारलं.

"घरात."

"घर लय मोठं हाय. कुठल्या खोलीत?"

"अगं, सुनेला सोडून कुणाला देईन?"

हेच त्यानं ग्रुपवरही जाहीर केलं होतं. आणि बनुबाई कट्ट्यावर येऊन बसल्या तेव्हा त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला होता, "आक्का, तुमी काळजी करू नगा." ह्यात खोटं काय बोललो, असं त्याला वाटायचं. काळजी करू नका एवढंच तर म्हटलं.

खरं म्हणजे त्याचं काही ठरलेलंच नसायचं. आजवर कधीच नव्हतं. आयुष्यभर तो पहिल्यांदा आईच्या, मग पलटणीच्या, मग चंद्राबाईच्या डोळ्यांसमोर जगला. ह्या सगळ्यात एकच जागा अशी होती जिथं त्याच्याकडं कोणी बघत नव्हतं. तो पुठ्ठ्याचा आडोसा. तिथं उभं राहिलं की क्षणभर सगळं गप्प व्हायचं, आणि काय करायचं ते आपोआप कळायचं. कळलं की बोट चालायचं. कोणाला दिलं हे त्यानं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटून नव्हे. तेवढंच एक त्याचं स्वतःचं होतं.

आता तिथं आधीच कोणीतरी जाऊन उभं राहिलेलं असणार, ह्या विचारानं तो ताट अर्धं ठेवून उठायचा. डोकं सांगायचं, सुभेदार, कोणीतरी कॅमेरे लावलेत, कोणीतरी पोरं आवाज बदलून खेळतायत. हे डोकं खरं सांगतंय हे त्याला पटायचंही. फक्त रसूलच्या छातीतली शिट्टी डोक्याला ऐकू गेली नव्हती, ती कृष्णातनं ऐकली होती.

"मामा, लय इचार करताय," संयोगिता म्हणाली. ती पत्रकांचे गठ्ठे बांधत होती. "ॲप बिघडलंय नुसतं. अपडेट मारा."

त्यानं अपडेट मारलं. आवाज जरा जास्त स्वच्छ यायला लागला.

६

मतदानाच्या दिवशी शाळेसमोर रांग होती आणि रांगेत शांतता होती. असं रहिमतपुरात कधी झालं नव्हतं. एरवी आत जाणारा हसत जायचा, बाहेर येणारा मिशीला पीळ देत यायचा. आज बाहेर येणारा प्रत्येक जण शर्टाची पाठ सारखी करत येत होता. केरबा सुतार बाहेर आला तो चप्पल आतच विसरून. परत आणायला जा म्हटलं तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. जुनीच हुती."

कृष्णात आत गेला. दुसरीचा वर्ग. बाकं मागं रचलेली, खडूचा दमट वास, पंखा कटकटत फिरणारा. आबांचा एजंट आणि काकांचा एजंट एकाच बाकावर, दोघांनी त्याला रामराम केला, दोघांना त्यानं केला. बाईंनी नाव पुकारलं, बोटाला शाई लागली. कोपऱ्यात भिंतीपासून हातभर पुढं टेबल, टेबलावर यंत्र, यंत्राभोवती पुठ्ठा. मागून कोणी बघू नये म्हणून टेबल असं लावलं होतं की मतदाराची पाठ भिंतीकडं. कृष्णात बाजूनं शिरला आणि उभा राहिला. पुढं पुठ्ठा, मागं चुना लावलेली भिंत. मध्ये एका माणसाची जागा.

नगराध्यक्षाचं बटण त्यानं पटकन उरकलं. मग प्रभागाचं. वर बनुबाई, खाली संयोगिता. तो नेहमीसारखा वाट बघत राहिला, आतलं सगळं गप्प होईल म्हणून.

होईना.

पंख्याची कटकट लांब गेली. एजंट खोकला तो शेजारच्या गावात खोकल्यासारखा. पण त्याच्या पाठीशी ऊब होती. भिंतीची नव्हे, भिंत गार असते. चहाच्या टपरीवर आपण पेपर वाचत असताना मागून कोणीतरी वाकून वाचावा, तशी खांद्यावरून पुढं येणारी ऊब. ना घाई, ना वैर. नुसतं बघणं.  कृष्णातचं बोट बटणांच्या वर अधांतरी होतं आणि ते कुठं पडतंय हे बघायला कोणीतरी टाचा उंचावल्या होत्या.

ओरडावं असं त्याला वाटलं. दोन एजंटांच्या समोर, सून निवडणुकीला उभी असताना, सुभेदार ओरडणार? आणि भीती अगदी गळ्याशी आली तेव्हा, का कोण जाणे, त्याला भलताच राग आला. गच्च एसटीत अंगावर रेलणाऱ्याचा येतो तसला, साधा, रोजचा राग.

"आवं, जरा सरका की," तो दातांवर दात ठेवून पुटपुटला.

तो सरकला.

भिंतीवर कापड घासल्याचा आवाज झाला. चुना किरकिरला. ऊब खांद्यावरून निघून उजवीकडं गेली, आणि त्या हालचालीत, डोळ्याच्या अगदी कडेला, कृष्णातला भिंतीवर टेकलेला एक हात दिसला. म्हाताऱ्या माणसाचा, शिरा वर आलेल्या. त्याच्या प्रत्येक बोटाला शाई होती. नखांवर, पेरांवर, तळव्यावर, शाईवर शाई, मनगटाच्याही वर, जिथवर दिसला तिथवर सगळा हात काळा होता.

कृष्णातनं तिकडं तोंड वळवलं नाही. ते त्याला जमलं नसतं. त्यानं संयोगिताच्या नावापुढचं बटण दाबलं. सगळ्यांना सांगितलं होतं तेच, आयुष्यात पहिल्यांदा. कोणीतरी बघतंय तर निदान बोलल्यासारखं करावं, एवढंच त्या घटकेला त्याच्या मनात आलं. लांब शिट्टी वाजली.

बाहेर आल्यावर चंद्राबाईनं त्याचा उजवा खांदा झाडला. "चुना कुठनं लावून घेतला?"

"जागा लहान हाय आत," तो म्हणाला. मनातनं त्याला फार हलकं वाटत होतं. दिलं ते उघड दिलं. आता कोंडीबानं खुशाल सांगावं.

७

मतमोजणीत संयोगिता पडली. अगदी थोडक्यात पडली. इतक्या थोडक्यात की घरातल्या प्रत्येकाच्या मनात एकच हिशोब सुरू झाला आणि प्रत्येकजण कृष्णातकडं न बघता बसला.

तेवढ्यात गुलालानं लाल झालेल्या बनुबाई पेढे घेऊन दारात आल्या. सगळ्यांच्या देखत त्यांनी कृष्णातचा हात धरला. डोळ्यांत पाणी. "तू सबुद दिला हुतास काळजी करू नगा म्हणून. न्हाई इसरायची मी."

चंद्राबाईनं पेढा घेतला, पण तो खाल्ला नाही. हातात धरून नवऱ्याकडं बघत राहिली.

"सुनेलाच दिलं!" बनुबाई गेल्यावर कृष्णात म्हणाला. "आईशप्पत! संयोगिता, तुलाच दिलं मी!"

"असू दे मामा," संयोगिता म्हणाली. तिनं ते इतक्या गोड आवाजात म्हटलं की कृष्णातला रडू यायचंच काय ते बाकी राहिलं. शिवतेजचा सीमेवरनं फोन आला. त्यानंही एवढंच विचारलं, "आण्णा, खरं सांगा."

मग कृष्णातच्या मनात आलं, साक्षीदार आहे की. तिथं, त्या एका माणसाच्या जागेत, उभा राहून बघणारा आहे. इतके दिवस ज्या आवाजानं त्याची झोप उडवली होती, त्याचीच तो आता चातकासारखी वाट बघायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी टिंग वाजलं नाही. दुपारी वाजलं. कृष्णात पुढच्या कट्ट्यावर बसला होता. त्यानं हाका मारून बायकोला, सुनेला बाहेर बोलावलं, मोबाईल मांडीवर ठेवला आणि आवाज पुरता मोठा केला.

"ऐका आता. ह्यो सांगंल."

"रामराम मंडळी," तो बसलेला आवाज म्हणाला. "मी कोंडीबा. दुसरीचा वर्ग. पंखा कटकटतोय. येक सुभेदार आलं. वर बहीण, खाली सून. बोट लय येळ हवंत हुतं."

"बघा," कृष्णात म्हणाला.

"इतक्या निवडणुका झाल्या, इतक्या खोल्या. मी समद्यांच्या बरबर उभा ऱ्हातो. कुणी कवा माझ्याशी बोललं न्हाई. हे पहिलं. सरका म्हणलं. मानसासारखं बोललं. मी सरकलो."

चंद्राबाईनं नवऱ्याकडं बघितलं. "कुणाला सरका म्हणला?"

"थांब! बटण सांगतोय आता!"

"बटण कुठलं दाबलं, ते मी सांगणार न्हाई," कोंडीबा म्हणाला. "दोस्ताचं सांगत नसत्यात."

निरोप तिथं थांबला. ग्रुपवर हसणारी तोंडं पडायला लागली, एकावर एक, दोन्ही जिल्ह्यांतनं. रसूलनं पहिल्यांदाच काही लिहिलं नाही. चंद्राबाई आत गेली. तिच्या मागोमाग संयोगिता गेली. दार आदळलं नाही, हळूच लागलं, आणि आतनं कडी सरकल्याचा आवाज आला.

"अगं, तुलाच दिलंय!" कृष्णात बंद दाराला म्हणाला.

आळीत ऊन होतं. पलीकडं बनुबाईच्या दारात पोरं गुलालात पाय घासत होती. येणाऱ्याजाणाऱ्यानं कृष्णातला रामराम केला, पण थांबलं कोणी नाही. त्यानं कोणाला मत दिलं हे साऱ्या जगात आता फक्त दोघांना ठाऊक होतं.

मांडीवरचा मोबाईल पुन्हा वाजला. एवढासाच निरोप होता. त्यानं तो कानाशी धरला.

"लय खोल्या झाल्या. पाय दुखाय लागल्यात. जरा टेकतो."

ह्या वेळी मागं पंखा नव्हता, बाकडं नव्हतं. कृष्णातच्या स्वतःच्या गोठ्यातली म्हैस हंबरली, ती एकदा मोबाईलमधनं आणि तेवढ्यातच एकदा खरोखरची.

कृष्णातनं मोबाईल खाली ठेवला. मान वळवली नाही. समोरच्या रस्त्याकडं बघतच, धोतर सावरून कट्ट्याच्या मधोमध होता तो एका कडेला सरकला.